सहा खुणा

ऑफिसात तिला सगळे बटणबाई म्हणत. मोबाइलच्या पडद्यावर काय कुठे दिसावं हे आखणं तिचं काम, आणि एकदा एका बटणाच्या रंगापायी तिने सगळ्यांना तीन आठवडे ताटकळत ठेवलं होतं, तेव्हापासूनचं हे नाव. तिला त्याचा राग येत नसे. शेचाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या बाईला कुणीतरी नाव ठेवण्याइतकं जवळचं मानतंय हेच पुष्कळ, असं तिला वाटे.

या खेपेला ॲप होतं रोजच्या कामांच्या यादीचं, पण मन थकलेल्या माणसांसाठी. मालक तिच्याहून दहा वर्षांनी लहान, उत्साहाने नुसता फसफसणारा. त्याला लाल आकडे हवे होते, घंटी हवी होती, 'तुमची चार कामं राहिली' अशी आठवण हवी होती. ज्याला अंगावरचं पांघरूण बाजूला करणं जिवावर येतं त्याला लाल आकडे कसले दाखवता, म्हणून बाई हट्टाला पेटली आणि शेवटी तिचंच खरं झालं. झालेल्या कामापुढे हिरवी खूण. न झालेलं काम पहाटे आपोआप पुसलं जाणार, कुणी जाब विचारणार नाही. घरचं एखादं माणूस जोडलेलं असेल तर त्यालाही फक्त झालेलीच कामं दिसणार. राहिलेल्या कामांची चहाडी करायची नाही, हा तिचा नियम होता.

हट्टामागचं कारण तिने ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं. सहा तासांच्या अंतरावर, दोन खोल्यांच्या घरात तिचे वडील एकटे होते. आई जाऊन आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असत. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या त्यांचं काम करतील, पण रोजची लहानसहान कामं यांनी स्वतः करायला हवीत. आई गेली तसे बाबाही हळूहळू हातचे जातील, ही भीती तिला दिवसभर सोडत नसे.

रोज संध्याकाळी सात वाजता ती फोन करी. जेवलात का, आंघोळ झाली का, गोळी घेतली का. ती पोलिसासारखी विचारायची, ते आरोपीसारखे हो म्हणायचे. मग दोघं एकमेकांच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत बसायची. फोन ठेवला की तिला आणखीच एकटं वाटायचं.

ॲप तयार होताच तिने पहिल्यांदा बाबांकडे जाऊन ते त्यांच्या फोनवर घातलं आणि आपला फोन त्याला जोडून घेतला. सहा कामं स्वतःच लिहून दिली: उठणं, दात घासणं, आंघोळ, नाश्ता, गोळी, फाटकापर्यंत चालणं. सातवी ओळ मोकळी ठेवली, मनाला येईल ते लिहायला. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तिच्या फोनवर सहा खुणा उमटल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर रोज सहा.

आता सकाळीच सगळं कळल्यावर सातला विचारायचं काय? एक दिवस फोन राहिला, मग दोन दिवस. मग रविवारचा तेवढा उरला, आणि पुढे रविवारही सुटले. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. घरी येऊन ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच ब्रेड खायची, सहा खुणा बघायची आणि निजायची. ऑफिसबाहेरच्या कुणाशी आपण किती दिवसांत बोललो नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पाचव्या आठवड्यात बाबांच्या शेजारीणबाईंचा फोन आला. तीन दिवस दुधाच्या पिशव्या दारातच पडून आहेत, हाक मारली तर आतून नुसतं हं येतं, असं त्यांनी जरा फटकळपणेच सांगितलं. तिने फोनमध्ये पाहिलं. त्या दिवशीच्याही सहा खुणा होत्या.

मिळेल ती बस पकडून ती पोहोचली. बाबांनी बऱ्याच वेळाने दार उघडलं. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली, घरभर कुबट वास. गोळ्यांची पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती. तिचा तोल गेला.

"बाबा, मग या खुणा कसल्या?"

बाबांनी चाळीस वर्षं औषधांच्या गोदामात यादी हातात घेऊन माल तपासला होता. ते खाटेवर टेकत म्हणाले, "गाडी घाईत असली की आम्ही पेट्या उघडायचो नाही. खुणा करून मोकळे व्हायचो. ड्रायव्हरचा खोळंबा नको म्हणून." मग म्हणाले, "तुझं ॲप चालत नाही असं तुझ्या साहेबाला वाटायला नको."

तिने त्यांचा फोन उघडला. सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'मुलीचा फोन'. पुढे खूण नव्हती.

"हे कधी लिहिलंत?"

"रोजच लिहितो. पहाटे पुसलं जातं, परत लिहितो."

"यावर का नाही केलीत खूण?"

"बाकीची माझी होती, मी करून टाकली. हा आलाच नाही, तर आला कसं म्हणू?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण इतकी मेहनत घेऊन जे पुसत होतो ते हे, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. ती रडायला लागली, तेव्हा काय करावं न सुचून बाबांनी आपला टॉवेल पुढे केला. त्यालाही वास येत होता. तिने तसाच तोंडाला लावला.

ती चार दिवस राहिली. चल म्हटलं तर बाबा आईच्या वस्तू सोडून यायला तयार नव्हते. निघताना तिने त्यांच्या फोनमधून ॲप काढून टाकलं.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तिने फोन लावला.

"आंघोळ झाली?"

"नाही झाली," बाबा म्हणाले.

आई गेल्यापासून फोनवर त्यांनी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. उपदेश तिच्या अगदी ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

"मीही नीट जेवले नाही. उभ्यानेच ब्रेड खाल्ला."

"बस खाली," बाबा म्हणाले.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. फोन कुणीच ठेवला नाही. थोड्या वेळाने पलीकडे खाट करकरली. बाबा उठून बसत होते.