फुगडीतली कडेची बाई

मराठी शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. वाचता येतं, आणि तेवढं मला पुरलं. घरातल्या लॅपटॉपला मात्र बायको असेपर्यंत मी बोट लावलं नाही. तो तिचा. साखरेने डोळे अधू झाले तरी ती आमच्या देवळाची वेबसाइट उघडून पालखीचे फोटो बघत बसायची.

ती गेली, आणि शेजारीण म्हणाली, "आदल्या गणेशचवथीच्या फुगडीचा फोटो आहे देवळाच्या वेबसाइटवर. उजव्या कडेला ती आहे. हसतेय."

मी लॅपटॉप उघडला. ती कुठे दाबायची ते बघून ठाऊक होतं. पडद्यावर मोठाल्या बायका आल्या, आणि उजवीकडे एक अर्धा हात. हिरव्या बांगड्या मी ओळखल्या. त्यापुढे काही नाही. चित्र तिथंच कापलेलं.

तसाच देवळाच्या समितीच्या सेक्रेटरीकडे गेलो. "माझ्या बायकोला कापलीस? गेलेल्या माणसाला कोण विचारतो, म्हणून?"

"काका, फोटो अख्खा आहे. हा बघा माझ्या मोबाइलवर."

"तुझ्या मोबाइलवर कशाला बघू? माझ्या घरात ती कापलेली आहे."

देवळात जाणं सोडलं.

वर्षश्राद्धाला मुलगी म्हापशाहून आली. "बाबा, तू देवळात भांडलास म्हणे?"

"भांडलो नाही. विचारलं."

तिने पडदा बघितला आणि हसली. मग हसू गेलं. "हे मीच मोठं करून ठेवलेलं रे. आईला अक्षरं दिसत नव्हती म्हणून, दुप्पट. पान मोठं झालं की ह्या वेबसाइटवर कडेचं पडद्याबाहेर जातं."

तिने कंट्रोल धरून शून्य दाबलं. सगळं आक्रसलं. उजव्या कडेला बायको उभी होती, तोंड चिंचोक्याएवढं. हसत होती की नाही, मला दिसेना.

"मोठी कर गो."

तिने कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबलं. तोंड वाढू लागलं, आणि वाढता वाढता कडेला सरकलं. गेलं.

"मागे आण."

आली. चिंचोक्याएवढीच.

मुलीने फोटो वेगळा काढून मोठा केला. तोंडाचे नुसते चौकोन झाले. "फोटोच लहान घातलाय, बाबा. वाढवला की फुटतो." समितीकडेही दुसरा नव्हता, तिने फोन करून विचारलं.

"मग किती ठेवू?"

"तिचं होतं तेवढंच ठेव."

"पण त्यात आई दिसत नाही."

"ठेव म्हटलं ना, बाय."

डोळे पुसत तिने ठेवलं.

आता दिवेलागणीनंतर मी पान उघडतो. आधी शून्य दाबतो. कडेला कोणीतरी उभं आहे एवढं कळतं. मग अधिकचं दाबत दाबत तिच्या मापाला आणतो. ती जाते, हात राहतो. त्या बांगड्या तिच्याबरोबरच सरणावर गेल्या. इथे मात्र एकेक मोजता येते. मनगटाजवळची जरा तिरकी झालेली आहे, तीसुद्धा.