झोपलेले कंद

पाणीखात्यात तीस वर्षं गल्लोगल्ली चाव्या फिरवून पाणी सोडलं, म्हणून सगळे त्यांना चावीवालेच म्हणत. लोकांच्या टाक्या भरून वाहताना दिसल्या की त्यांचं पित्त खवळायचं, आणि खवळलेलं पित्त गिळणं त्यांना जन्मात जमलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या अंगणात फक्त रानातलं लावलं. घोळ, रानमाठ आणि एक कंदाची वेल, जिची कोवळी फळं भाजीला येत. सगळी पावसाच्या पाण्यावर जगणारी; नळाची गरजच नाही. वेलीचे कंद त्यांनी गावाबाहेरच्या टेकडीवरून खणून आणले होते. पुढे टेकडी कापून तिथे गोदामं झाली, आणि ती वेल उरली ती यांच्याच अंगणात.

शेजारी चेष्टा करायचे. "काय चावीवाले, यंदा गवत झकास आलंय." चावीवाले त्यांच्याशी बोलणंच टाकायचे. ही झाडं कशी जगतात, हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. ज्याला अक्कल नाही त्याच्यापुढे तोंड कशाला वाजवायचं, हा त्यांचा खाक्या. त्यात घरची लेकही आलीच.

ऐन उन्हाळ्यात खुब्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी लेकीला एवढंच बजावलं, "मागे पाणी घालायचं नाही. थेंबसुद्धा नाही." का, हे विचारायची तिची छाती नव्हती.

दीड महिन्याने वॉकर टेकत ते मागच्या दारात आले. समोर विकतचं हिरवंगार लॉन पसरलं होतं.

"बाबा, रागावू नका," लेक म्हणाली. "तुमचं ऐकलं आणि सगळं वाळून गेलं हो. तुम्हाला बघवलं नसतं, म्हणून खणून काढलं आणि हे लावून घेतलं."

"कंद कुठायत?"

"ते काळे गोळे? मला वाटलं कुजलेत. कचऱ्याच्या गाडीत दिले."

"जिवंत होते ते. उन्हाळाभर मातीत झोपून असतात. पाणी घातलं असतं तर कुजले असते."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. पण तीही बापाचीच लेक. "एवढं जाताना सांगितलं असतंत, तर काय जीभ झिजली असती?"

लेक डोळे पुसत नळी आणायला गेली. नर्सरीवाल्याने लॉन दिवसातून दोनदा भिजवायला सांगितलं होतं. चावीवाले दारातच उभे राहिले. चूक कुणाची, हे त्यांना पक्कं कळलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओरडायला समोर कुणी नव्हतं.