मामींचं निमित्त

आमच्या गल्लीतले मामा उशिरा आले तरी उशिराचं कारण कधी सांगत नसत. पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायचे, तंजावूरहून रोज गाडीने जायचे. गाडी रखडली की बाकीचे मास्तर हेडमास्तरांपुढे रेल्वेचा उद्धार करत. मामा मुकाट्याने बोलणी खात. "गाडी लेट मणून सांगायला काय झालं?" मामी चिडत. "उशीर मला झाला. गाडीचं नांव कां सांगूं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मामी बडबड्या. राजवाड्यामागच्या त्यांच्या दोन खोल्यांतलं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, आणि ते सगळं मामींचंच. त्या गेल्या, आणि सुतकातच कोर्टाचा माणूस समन्स घेऊन दारात आला. चुलतभावाने घरावर दावा लावला होता. सुतकात कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही, म्हणून मामांनी हात मागे घेतला. त्या माणसाने 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि कागद दाराला चिकटवून गेला. मामा तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. कागद कोण वाचतो! तारखेला ते नव्हते, निकाल एकतर्फी लागला.

"त्याच कोर्टात अर्ज करा," वकीलबाईंनी समजावलं. "बायको गेली होती, सुतक होतं, एवढं सांगा. निकाल रद्द होईल."

मामा तडकले. "तिच्या मरणाचं निमित्त करून घर राखूं?"

त्यापेक्षा अपील करा, असं मामाच वकीलबाईंना म्हणाले, घराचे कागद तर माझ्याच नावाचे आहेत. पण अपिलाचीही मुदत उलटली होती. वरच्या कोर्टाने उशिराचं कारण विचारलंच. "उशीर माझा, अय्या," एवढंच मामा तिथल्या न्यायाधीशांना म्हणाले. अपील फेटाळलं गेलं. मला असा राग आला, की आठवडाभर मी त्यांना सकाळची कॉफी पाठवली नाही.

मग मीच जाऊन हातापाया पडले. मामांनी अर्ज केला, पहिल्या कोर्टात उभे राहिले आणि मामींचा ताप, दवाखाना, शेवटचा दिवस, सुतक, सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग हळूच म्हणाले, "आधी माझ्याकडे यायचं होतं. अपिलाचा निकाल लागल्यावर हा अर्ज मला मंजूर करता येत नाही."

बाहेर चिंचेखाली मामा मटकन बसले. घराचं काहीतरी बघू, असं मी म्हणू लागले.

"घर जाऊं दे, पोरी. तिला उगी कोर्टांत नेलों."

आणि ते ढसाढसा रडले. मामी गेल्या तेव्हाही असे रडले नव्हते.

घराची किल्ली देऊन ते ओरत्तनाडूला बहिणीकडे राहायला गेले. मी अधूनमधून भेटायला जायची, गप्पाही व्हायच्या. मामींचं नाव मात्र त्यांनी मरेपर्यंत पुन्हा घेतलं नाही, आणि ते काढायची माझी छाती झाली नाही.