फागूजींचा बिनलग्नाचा मांडव

फागूजींना खांब दिसला की ते आधी तो हलवून बघत. दरेकसा स्टेशनचा लोखंडी खांबसुद्धा त्यांनी गदगदा हलवला होता आणि स्टेशनमास्तरांना सांगितलं होतं, "बसला हाये जी. पन पूजा नाई झाली याची." आसपासच्या गावांतल्या लग्नांचे मांडव तेच घालत.

लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून आमच्या मोजणीच्या साहेबांनी चाकांवरची एक लहानशी खोली घेतली होती. आत एक बाज, एक खिडकी. ती जीपमागे जोडून आम्ही गावोगाव मुक्काम करायचो. जीप मी चालवायचो, कारकुनीही माझीच. उन्हात खोली भट्टीसारखी तापे, म्हणून दारापुढे कापडी छत हवं होतं. मी फागूजींना बोलावलं. काय बांधायचं ते सांगितलं. कशासाठी, ते सांगायचं राहिलं. मी मुळात कमी बोलणारा.

काम देखणं झालं. कापडाची एक कड बांबूच्या पट्टीखाली दाबून खोलीच्या छताला ठोकली, दुसरी दोन मेढींवर ताणली. एक मेढ मुद्दाम ठेंगणी. "पानी कुठून जावं, हे मांडवानं सांगावं, पावसानं नाई." मग उंच मेढीला हळदकुंकू लावून, आंब्याची डहाळी बांधून ती खोल पुरली.

मुक्काम हलवायच्या दिवशी मी त्या मेढीला हात घातला, तर फागूजी धावत आले.

"काऊन उपटून राहिले बाबूजी? लगन कुठं लागलं?"

"कुणाचं?"

"ते तुमी जाना. मेढ पुजली, आता वरात निघाल्याबिगर मांडव उठत नाई. बिनलग्नाचा उठला, तं माह्या हातची मेढ कोन गाडू देईल आपल्या दारात?" लगीनसराई तोंडावर होती. म्हाताऱ्याने मेढीला मिठीच मारली.

साहेब ओरडले, "लग्न लावू कुणाचं? माझं?"

फागूजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं वय गेलं जी." मग जीपकडे बोट दाखवलं. "हा नवरदेव. जवान हाये."

साहेब संतापून खोलीत दाढी करायला बसले. बाहेर जीपला मुंडावळ्या चढल्या, खोलीच्या कडीत हिरव्या बांगड्या आल्या. मंगलाष्टकं मी म्हटली. अक्षता पडताच मी जीप मागे घेऊन खोली जोडली. त्या धक्क्याने साहेबांची अर्धी मिशी गेली. फागूजींनी डोळे पुसत स्वतःच मेढ उपटली आणि कापडाची घडी माझ्या हाती दिली. "आंदन हाये. पोरीले ऊन लागू देऊ नोका."

त्या लगीनसराईत त्यांना उसंत मिळाली नाही.

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. गेलो, तर एका हाताने खाटेचा खूर हलवून बघत होते.

"बाबूजी, पोरगी नांदून राहिली ना?"

"नांदून राहिली."

"लेकरंबाळं?"

मी गडबडलो. "एक छकडा आहे."

ते समाधानाने हसले. "मंग माहा मांडव बसला." त्याच आठवड्यात गेले.

खरं हे, की लग्नानंतरच्या पावसाळ्यातच साहेबांनी ती खोली एका कोंबड्यावाल्याला विकली. जोड मीच सोडली होती. कापड तेवढं मागून घेतलं. ते आज माझ्या ओसरीपुढे ताणलेलं आहे, एक मेढ ठेंगणी ठेवून. दुसरी पुजायची मात्र हिंमत झाली नाही.