एक हजार नऊ सीताफळं

"ताई, एक रोप उरतंय," ट्रॉलीवरून मंगल म्हणाली.

कन्हेरीच्या त्या रानात मी सकाळपासून फक्कीनं खुणा मारून घेत होते. मी ठिबकची डिझाइन करते. कुठल्या ओळीत किती झाडं, पाइप कुठून न्यायचा, शेवटच्या झाडाला पाणी सारखं कसं पोचेल, हे माझं काम. मंगलनं एक हजार आठ रोपं सांगितली होती. या आकड्याला भागणाऱ्या संख्या भरपूर, त्यामुळे लेआउट देखणा झाला होता: छत्तीस ओळी, प्रत्येकीत अठ्ठावीस.

"मोजली कशी होतीस?"

"आत्यांगत. आधी लाभ म्हणलं, मग एक, दोन..."

"अगं, लाभ म्हंजीच एक की!" तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, कपाळावर हात मारला. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात आणि पुढं थेट दोन. मंगलचा लाभ मोजणीबाहेरच राहिला होता.

रोपं आबांच्या बायकोनं, म्हणजे मंगलच्या आत्यांनी, केलेली. मोरगावच्या माहेरच्या झाडाच्या बिया आणून तिनं पिशव्यांत लावल्या, रोज पाणी घातलं, आणि उन्हाळ्यात ती गेली. आबांचं म्हणणं एवढंच, की तिचं एकही रोप मागं राहू नये आणि एकही ओळ अर्धवट दिसू नये.

मी कंपनीतल्या सरांना फोन लावला.

"एक ना? बांधावर लाव आणि मोकळी हो. इंदापूरची साइट खोळंबलीय."

फोन स्पीकरवर होता, आबांनी ते ऐकलं. "एकलं न्हाय लावायचं, ताई. मी एकला हाय, तेवढं बास."

मी फोन ठेवला. लागण थांबली. मी लिंबाच्या सावलीत पडून एक हजार नऊला भागत बसले. दोननं, तीननं, सातनं, थेट एकतीसपर्यंत. त्यापुढं बघायची गरज नव्हती. कशानंच भाग जाईना. मूळ संख्या! समान ओळी हव्यात तर सगळ्या रानात एकच लांबलचक ओळ.

वारा गार होता. डोळे जड झाले. ती ओळ कॅनॉलच्या कडेनं चालत निघालीय, वळतेय, स्वतःभोवती गुंडाळत चौकोन होतेय, असं काहीबाही दिसू लागलं. त्या गुंगीतच कॉलेजातलं जुनं गणित वर आलं. चारनं भागल्यावर एक उरवणारी मूळ संख्या दोन चौरसांत नेमकी बसते. एक हजार नऊला चारनं भागलं, एक उरला. अठ्ठावीस अठ्ठावीसे सातशे चौऱ्याऐंशी. राहिली दोनशे पंचवीस. पंधरा पंधरे!

मी ताडकन उठले. इतका आनंद मला पगारवाढीनंही झालेला नाही.

शेवटच्या आठ ओळींच्या खुणा पुसल्या. त्यांची दोनशे चोवीस रोपं आणि ते एक मिळून विहिरीजवळ धाकटा चौरस आखला.

"व्हॉल्व्ह वाढणार," सर फोनवर करवादले.

"वाढू देत."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरता उतरता लागण संपली. आबा धाकट्या चौरसाभोवती सावकाश फिरून आले.

"ताई, ह्यातलं उरल्यालं कुठलं वं?"

"आता नाही सांगता यायचं, आबा."

"मग ब्येस झालं," म्हणत त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

माझ्या धंद्यातला धडा असा: एका रोपाला सामावून घ्यायचं तर कधी कधी आठ ओळी मोडाव्या लागतात. सरांना तो अजून पटलेला नाही.