दबलेलं पहिलं अक्षर

डावरी लग्न होऊन आली, त्याच वर्षातली गोष्ट. रंगाच्या शेडमागे ती ब्रश धूत बसली होती आणि पत्र्याच्या पलीकडे तिच्या नवऱ्याची बंदरावरच्या दलालाशी चांगलीच जुंपली होती.

"तुला अक्षरामागे पैसे मिळतात, तू अक्षरं काढ. जहाजाच्या सात पिढ्या कशाला विचारतोस?" दलाल म्हणत होता.

"परवा याच जहाजावर दुसरं नाव होतं. मीच काढलेलं. आज त्यावर रंग फासून म्हणतोस, नवं काढ. उद्या हे बुडालं तर आतल्या माणसांच्या घरच्यांनी कुठल्या नावाने चौकशी करायची?"

"बुडालं तर बघू की."

"बुडाल्यावर तू काय बघणार? मी नाही काढणार. जा."

डावरीला नवऱ्याचाच राग आला. घरात चूल पेटायची मारामार, आणि हा माणूस चालून आलेलं काम लाथाडतोय! संध्याकाळी तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो नुसता ब्रशाचे केस बोटाने सरळ करत बसला.

पुढे रंगाच्या वासाने त्याची छाती गेली आणि पाठोपाठ तोही गेला. थोरली शाळेत, धाकटा कडेवर. डावरीने ब्रश हातात घेतला. शाळा तिने जेमतेम दोन इयत्ता पाहिलेली, त्यामुळे जहाजांवरची ती परकी अक्षरं तिला वाचता येत नसत. पण चित्र काढावं तशी ती हुबेहूब काढायची. अडचण एकच होती. हात डावा. पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली की मागचा ओला रंग बाहीला लागायचा आणि सगळं फरफटायचं. म्हणून ती शेवटच्या अक्षरापासून मागे मागे येत जायची. नवऱ्याच्या हाताखाली ती अधूनमधून अक्षरं काढायची, तेव्हा तो हसायचा, "बाई गं, तुझी गोष्ट नेहमी शेवटापासूनच सुरू!" एक खोट मात्र कधी गेली नाही. मागे येता येता जागा संपायची आणि पहिलं अक्षर बिचारं भरल्या गाडीत शेवटी चढलेल्या माणसासारखं अंग चोरून उभं राहायचं. धक्क्यावरची माणसं लांबून बघून सांगायची, हे डावरीचं काम.

दलाल पुन्हा आला तेव्हा तिने सात पिढ्या विचारल्या नाहीत. नवऱ्याने नाकारलेलं तेच करडं जहाज, मागच्या बाजूला पत्रा चेपलेला. त्याच्यावर तिने एक नाव काढलं, मग ते पुसून दुसरं, मग तिसरं. ते दुसऱ्या देशांच्या हद्दीत चोरून जाळी टाकतं, बारीक पिल्लंसुद्धा ओरबाडून नेतं आणि नाव गाजायला लागलं की अंगावरचा शर्ट बदलावा तसं नाव बदलतं, हे धक्क्यावर सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

आणि मग धाकटा मोठा होऊन त्याच जहाजावर कामाला गेला. दलालानेच लावून दिलं. "वहिनी, घरचं जहाज समजा," म्हणाला.

पहिल्या वर्षी फोन यायचे, तेसुद्धा दलालाच्या फोनवर, त्याच्या समोर. धाकटा म्हणायचा, "बरा आहे, आई. जमीन कशी असते ते विसरलो बघ." म्हणायचा हसत हसतच. जहाज म्हणे कुठल्याच बंदराला लागत नाही. मासे समुद्रातच दुसऱ्या जहाजावर चढवतात, डिझेल आणि शिधा घेऊन बोट तिथेच येते. पुढे फोन बंद झाले. डावरीने विचारलं की दलाल म्हणायचा, "रेंज नाही हो." एकदा मात्र हसून म्हणाला, "आमच्याकडेच आहे ना तो? मग काळजी कसली?" त्यानंतर तिने विचारणं बंद केलं.

अशात एका सकाळी शेडच्या दारात तीन माणसं उभी राहिली. एक आपल्या बंदराचा तरुण साहेब, घामाघूम. एक परदेशी बाई, ताडमाड उंच. आणि तिसऱ्याच कुठल्या देशाचा एक गृहस्थ, तोंड शिवल्यासारखा गप्प. उंच बाई नेमकी ओल्या निळ्या रंगाच्या डब्यावर बसायला लागली. डावरी दोन्ही हात हलवून "अहो, नको नको!" करत राहिली. बाईला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. हसली आणि बसली.

"सांगा हो त्यांना, ओला आहे तो!"

"राहू दे, मावशी," साहेब कपाळ पुसत म्हणाला. "हे बघा आधी."

त्याने तीन फोटो मांडले. वेगवेगळ्या देशांच्या गस्तीच्या बोटींनी लांबून काढलेले. तीन जहाजं, तीन नावं, आणि तिन्हीकडे अंग चोरून उभं असलेलं पहिलं अक्षर. डावरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे चोरटी मासेमारी पकडणारे. यांचं म्हणणं आहे, हे एकच जहाज आहे आणि नावंही एकाच हाताने काढलीत. जहाज एकच आहे असं कुणी सांगितलं, तर सगळ्या देशांच्या बंदरांना कळवता येईल. हा हात कुणाचा, मावशी?"

डावरीने बाहेर पाहिलं. समोरच्या चहाच्या टपरीवर दलालाचा माणूस बशीत चहा ओतत होता. ओतता ओतता इकडेच बघत होता.

"मला वाचता येत नाही, साहेब," ती म्हणाली.

"वाचायला नाही सांगत. ओळखायला सांगतोय."

"नाही ओळखत."

उंच बाई उठली. पाठीमागे पँटवर निळं गोल कडं उमटलं होतं, आणि तिघांपैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. एरवी डावरी पोट धरून हसली असती.

दुपारी दलाल स्वतः आला. दार लोटून घेतलं.

"पाहुणे आले होते म्हणे?"

"रंगाचं विचारत होते."

"कोणत्या रंगाचं?"

"निळ्या," डावरी म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

त्याने खडू उचलला आणि तिच्या फळीवर एक नाव लिहिलं. "याची अक्षरं कोरून पत्र्याचा साचा काप. उद्या पहाटेच्या बोटीने पाठवायचाय. रंग जहाजावरची पोरं मारतील. धाकट्यालाच साचा धरायला लावतो, काय? आईचा हात लागला असं वाटेल त्याला."

म्हणजे चौथं नाव. हे लागलं की फोटोतली तिन्ही जहाजं हवेत विरली, आणि त्यांच्याबरोबर धाकटाही. त्याला शोधायचं तरी कोणत्या नावाने? पत्र्यापलीकडून ऐकलेलं नवऱ्याचं ते वाक्य इतक्या वर्षांनी तिच्या कानाशी येऊन उभं राहिलं.

तिने पत्रा घेतला. साच्याला ओल्या रंगाची भीती नसते. तो पहिल्या अक्षरापासून कापला असता तरी चाललं असतं, आणि हाताची खूण राहू नये म्हणून आज तेच शहाणपणाचं होतं. कात्री घेतली आणि हात नेहमीच्या जागी, शेवटच्या अक्षराकडे गेला. तिने त्याला जाऊ दिलं. दलाल मागे उभा राहून बघत होता. पहिल्या अक्षराशी पत्रा संपत आला.

"हे एवढंच बारीक का?"

डावरीने कात्री थांबवली नाही. "पत्रा कमी पडला, भाऊ."

त्याने पत्रा उचलून पाहिला. मग खो खो हसला. "तुझं आपलं कायमचंच! नवरा बरा होता, निदान मापात काढायचा." ओल्या फडक्याने त्याने फळीवरचं नाव पुसलं, साचा गोणपाटात गुंडाळला आणि गेला.

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सांगावं, तर ही माणसं धाकट्याला समुद्रात लोटून मोकळी होतील. न सांगावं, तर तो तिथेच झिजून मरेल. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सकाळी रंगाचा डबा घेऊन ती गस्तीच्या बोटीवरचे आकडे उजळायला गेली. तिचं महिन्याचंच काम ते, टपरीवरच्या माणसाने मान वर केली नाही. तिथून ती बंदराच्या ऑफिसात शिरली आणि म्हणाली, "हात माझा. तिन्ही ठिकाणी माझाच. जहाज एकच, मागचा पत्रा चेपलेला आहे बघा." मग खडू मागितला. "आता हे नवं."

ते नाव तिला वाचता येत नव्हतं, पण हाताला पाठ होतं. ती फरशीवर बसली आणि शेवटच्या अक्षरापासून मागे येऊ लागली. कालची तिघं वाकून बघत होती. पहिलं अक्षर दाटीवाटीने उभं राहिलं तेव्हा गप्प गृहस्थाने एकदम फोन कानाला लावला.

"माझं पोर आहे हो त्याच्यावर," डावरी म्हणाली. "तुम्ही सगळ्या बंदरांची दारं बंद केलीत तर ते खाणार काय?"

साहेबाने विचारलं, उंच बाई बोलली, आणि साहेबाने सांगितलं, "त्या म्हणतात, दारं बंद करणार नाही. समुद्रातली डिझेलची बोट तेवढी अडवू, मग ते जिथे डिझेलसाठी दार ठोठावतील तिथे उघडू. आत आले की बाहेरून कडी. माणसांना आधी उतरवून घेऊ."

"नक्की?"

उंच बाईला शब्द कळला नसेल, पण तिने मान हलवली. पँटवरचं निळं कडं तिने धुवून पाहिलं होतं, गेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस डावरीने कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. गल्लीत पाऊल वाजलं की हातातला ब्रश गळायचा. थोरली सासरहून येऊन राहिली आणि म्हणाली, "आई, तू चोरांची खबर दिलीस, आणि चोरासारखी तूच लपतेस!" दलाल एकदा दारावरून गेला. थांबला. दारावर बोटं तेवढी वाजवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसला कुलूप. तो कुठे गेला, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

डिझेलची बोट बंद झाल्यावर जहाज कुठल्याशा लांबच्या बंदरात डिझेल मागायला शिरलं, ते तिथेच अडकलं. दोन देशांच्या बोटी बाहेर उभ्याच होत्या. धाकटा घरी आला तो हाडांचा सापळा होऊन, डाव्या हाताची दोन बोटं जाळ्याच्या यंत्रात देऊन. डावरी त्याला एकेक घास भरवत बसली. शेवटी तो म्हणाला, "साचा मीच धरला होता, आई. पहिलं अक्षर बघितलं आणि कळलं, तुझंच."

"बघून काय वाटलं?"

"भीती वाटली. वाटलं, यांना कळलं तर तुझं काय होईल."

तो बर्फाच्या कारखान्यात लागला. समुद्राकडे पाठ करूनच जेवायचा. आणि डावरी जगली तोवर नावं काढत राहिली, भीतही राहिली. तो कुलूप लावून गेलेला माणूस कधीतरी परत येईल, असं तिला रोज वाटायचं.

तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या दिवशीसुद्धा टर्पेंटाइन संपलं म्हणून ती डबा घेऊन निघाली. टपरीवरून जवळ पडलं असतं, पण ती मागच्या बोळाने गेली, नेहमीसारखी. कोपऱ्यावर थांबून मागे पाहिलं. दुकानदाराला म्हणाली, "काठोकाठ भर रे, वर बोट धरून मापात मारू नकोस." परत येताना पुन्हा कोपऱ्यावर थांबली. घरी येऊन डबा खिळ्याला अडकवला, दाराला कडी घातली आणि नीट बसली का, ते एकदा ओढून पाहिलं.