ग्लासांचे कमरपट्टे

रुखवत कुणीही केलेलं असो, मांडवात ते नवरीच्या हातचं म्हणूनच मांडतात. आमच्या पेठेत हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. मण्यांचा मोर, क्रोशाचं तोरण, सुपारीचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन असं सगळं टेबलावर मांडायचं, आणि वरपक्षाच्या बायका बघायला आल्या की नवरीच्या मावशीनं पदर सारखा करत म्हणायचं, "आमच्या मुलीनं केलंय हो सगळं." मग त्या मुलीला सुईत दोरा ओवता येत नसला तरी चालायचं. बघणाऱ्या बायकाही कौतुकानं माना डोलवायच्या, कारण त्यांच्या लेकींच्या लग्नात तेच झालेलं असायचं. त्याला कुणी खोटं म्हणत नसे.

सोलापुरात अशी कितीतरी रुखवतं मी केली. कुणाच्या घरी साखरपुडा झाला की दुसऱ्या दिवशी त्या घरची बाई आमच्या दारात हजर. अव्वा, म्हणजे माझी आई, कानडीतून पुटपुटायची, की आमची पोरगी म्हणजे गावाची सून झालीय, राबायला सगळ्यांची आणि जेवायला आमच्याकडे. मला मात्र त्यात कधी कमीपणा वाटला नाही. रिकामी बसले की माझे हात शिवशिवायचे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणायचं की बाईला नावाची हाव होती. नावाचं मला काही नव्हतं. मला नोकरी हवी होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन शिवणकामाचा डिप्लोमा केला होता, आणि घरात माझ्यासाठी मंद्रूपचं स्थळ येऊन बसलं होतं. बसलं होतं म्हणजे खरंच बसलं होतं. मुलाचे काका दर आठवड्याला माल घ्यायला सोलापूरला यायचे आणि आमच्या ओसरीवर चहा पिऊन, "मग काय ठरलं म्हणायचं?" असं विचारून जायचे. घर खातंपितं, मुलगा सरळ. त्यात खोट काढावी असं काही नव्हतं. पण मला जायचं नव्हतं. मला शाळेत शिकवायचं होतं, ओळीनं बसलेल्या मुलींच्या हातात सुया द्यायच्या होत्या. मी हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "शाळा सुरू व्हायच्या आत नोकरी लागली तर मंद्रूपला मी स्वतः नाही कळवतो. नाही लागली तर मग तू मला अडवायचं नाहीस." माझ्या अप्पांनी शब्द दिला की तो दोन्ही बाजूंनी पाळायचा असे.

त्याच सुमारास माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. ती आमच्या मागच्या बोळात राहायची. बालवाडीपासून आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, आणि मंद्रूपच्या नावानं मी रडायचे ते तिच्याच खांद्यावर. तिला मिळालेला मुलगा सोलापुरातलाच, बँकेत कामाला. आणि त्याची आत्या एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. त्या शाळेला जूनपासून शिवण आणि हस्तकलेला बाई हव्या होत्या. मैत्रिणीनं ही बातमी आणली तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो.

"रुखवताचं जाऊ दे," ती म्हणाली, "ते माझंच म्हणतील. पण संध्याकाळचं सरबताचं टेबल सगळं तुझं. आत्याबाईंना मी हाताला धरून तुझ्यापाशी आणते की नाही बघ. सांगते, हे सगळं हिच्या हातचं आहे, तुमच्या शाळेला हीच बाई घ्या."

सरबताच्या टेबलाची भानगड वेगळीच होती. नवऱ्याचा थोरला भाऊ मुंबईला कंपनीत होता. त्याच्या डोक्यातून निघालं, की सकाळी लग्न लागल्यावर संध्याकाळी रिसेप्शन करायचं आणि जेवणाआधी तासभर पाहुण्यांनी हातात सरबताचे ग्लास घेऊन हिंडायचं, एकमेकांशी बोलायचं. खुर्च्या मांडायच्याच नाहीत. आमच्याकडे तोवर पानसुपारी म्हणजे ओळीनं बसायचं, अत्तर लावून घ्यायचं, गुलाबपाणी अंगावर पडलं की दचकायचं आणि नारळ घेऊन घरी जायचं. हे ऐकून मैत्रिणीच्या आईनं कपाळाला हात लावला. "हिंडत हिंडत काय पितात गं? गुरं हायत का? आणि बोलता बोलता ग्लास ठेवला खाली, मग उचलताना कोण कुणाचं उष्टं उचलेल, हाय का पत्ता?"

आणि ते खरंच होतं. मुंबईच्या भावाला वाटलेली मोठी ऐट आमच्याकडे एका उष्ट्या ग्लासावर फिसकटली असती. व्याह्याचा ग्लास विहिणीनं उचलला तर पुढची वीस वर्षं त्याचीच चर्चा. मैत्रीण रडकुंडीला आली. सासरी पहिल्याच दिवशी हसं होणार, एवढंच तिला दिसत होतं.

तोड मला सुचली. प्रत्येक ग्लासाला क्रोशानं विणलेला एक पट्टा घालायचा, आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळं चित्र भरायचं. ज्याला कंदील मिळाला त्यानं कंदीलवालाच ग्लास शोधायचा. संपला उष्ट्याचा प्रश्न. मैत्रिणीच्या वडलांनी पहिला नमुना बघितला आणि म्हणाले, "अगं, हा तर ग्लासाचा कमरपट्टा!" तेच नाव पडलं.

शेजारी चादरीचे माग होते. तिथल्या तेलुगू बाई मागावरची उरलेली रंगीत सुतं मला पिशवी भरभरून द्यायच्या. सगळा उन्हाळा मी त्या सुतात बसून काढला. बाहेर सोलापूरचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, आणि मी ओल्या फडक्यानं हात पुसत पट्टे विणत होते, कारण घामानं सूत काळवंडतं. चित्रं मी मनानं काढली, पण उगाच नाही. पाहुण्यांची यादी मैत्रिणीकडून तोंडी ऐकून ज्याला जे शोभेल ते. वकिलांना चष्मा, डॉक्टरांना नळी, तीन लेकींच्या आईला तीन करंज्या, करकंबहून येणाऱ्या मैत्रिणीच्या शेतकरी मामांना बैल. मैत्रीण रोज दुपारी यायची, माझ्या मांडीपाशी लोळत गुंडे गुंडाळून द्यायची आणि सासरच्या माणसांच्या नकला करायची. आत्याबाईंच्या पट्ट्यावर मी शाळेची घंटा भरली. पिवळ्या सुताची, लोंबत्या दोरीसकट. ती उलटी वळवून मैत्रीण म्हणाली, "लई भारी झालीय की गं! ही बघितली की तुझं काम झालंच समज." मी त्या उन्हाळ्यात फार सुखात होते, हेही सांगायला हवं.

लग्नाची संध्याकाळ. कार्यालयाच्या अंगणात पाणी शिंपडलेलं, दिव्यांच्या माळा, आणि लांब टेबलावर माझे कमरपट्टे घातलेले ग्लास. सरबत करायला आलेल्या चाचांनी बर्फ फोडता फोडता टेबलाकडे बघितलं आणि विचारलं, "क्या बाई, ग्लासां कू भी साड्यां पिन्हाये क्या?" मी नवी इरकल नेसून सरबताच्या जगांपाशी उभी होते. ग्लास मीच हातात देत होते, कारण कुणाचं चित्र कुठलं हे माझ्याशिवाय कुणाला सांगता येत नव्हतं.

आणि काय मजा आली! ज्या माणसांना हिंडत सरबत प्यायची लाज वाटत होती ती आपापलं चित्र दाखवत एकमेकांकडे जायला लागली. वकीलसाहेब चष्मा वर करून पट्ट्यावरचा चष्मा बघत होते. दोन जावयांना दोन छत्र्या मिळाल्या, त्यात उघडी कुणाची आणि मिटलेली कुणाची यावरून वाद. करकंबच्या मामांनी तर ग्लास डोक्यावर धरून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आमाला बैल हाय बगा! आता खुशाल ठेवतो खाली. कोन न्हेतंय आमचा बैल?" मुंबईचा भाऊ हे सगळं आपल्याच बुद्धीचं असल्यासारखा हिंडत होता.

आत्याबाई आल्या. उंच, पांढरी साडी, बारीक काठ. मी घंटेचा ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी पट्टा बघितला आणि मनापासून हसल्या. मग ग्लास तसाच धरून नवरीकडे वळल्या. ती चार पावलांवर उभी होती, मुंडावळ्या सोडलेल्या, गळ्यात हार.

"काय सुरेख काम आहे गं! आणि डोकं किती चालवलंय. ही कल्पना कुणाची?"

मी पदराला हात पुसले. मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. चुकून नव्हे, सरळ डोळ्यात बघितलं. आणि म्हणाली, "माझीच. मला हौस आहे ना."

मग जरा थांबून माझ्याकडे बोट केलं. "हिनं थोडी मदत केली."

आत्याबाई माझ्याकडे बघून प्रेमानं म्हणाल्या, "छान हो. मैत्रीण असावी तर अशी." भर मांडवात नवरीला कुणी खोटं पाडत नाही. मी पुढच्या माणसाचा ग्लास भरला.

पुढचे काही दिवस मी तिच्या बाजूनं माझ्याशीच भांडले. रुखवताची सवय, दुसरं काय. कुणी विचारलं की 'माझं' म्हणायचं, हे तिच्या तोंडात बसलं असणार. सगळे बघत होते, गडबडली असणार. आता सासरी आत्याबाई येतजात असतील, सवडीनं सांगेल. शाळा सुरू व्हायला अजून अवकाश होता. मंद्रूपचे काका येऊन चहा पिऊन गेले, अप्पा त्यांना "जरा थांबा" म्हणाले, आणि मी आतून ऐकत होते.

मग ती माहेरी आली आणि दुपारची आमच्याकडे आली. हातात पेढ्यांचा पुडा. अव्वाच्या पाया पडली, पुडा तिच्या हातात दिला आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"मला नोकरी लागली," ती म्हणाली. "आत्याबाईंच्या शाळेत."

तीच बोलत राहिली. तिनं मागितली नव्हती, त्यांनीच विचारलं. एवढं कौतुक केलेलं, नवीन घरात नाही कसं म्हणायचं? डिप्लोमाचं पुढं बघू म्हणाल्यात. आणि मग तिनं माझा हात धरला. "मला तेवढं शिकव की. शाळा सुरू व्हायच्या आत थोडं तरी यायला पाहिजे. तू शिकवशील म्हणूनच मी हो म्हटलं."

मी तिला एकच विचारलं. "माझं मंद्रूपचं तुला माहीत होतं ना?"

माझी आशा अशी, की ती म्हणेल, विसरले गं. देवाशपथ विसरले. तेवढ्यावर मी तिला माफ केलं असतं, एवढी मी मूर्ख होते.

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर. तुला काहीतरी होतं. सरळ माणसं, घरचं सगळं. मला त्या घरात काय होतं? नोकरी नसती तर मी जन्मभर त्या सगळ्यांचे ग्लास विसळले असते. मांडवात उभी राहून मी तोच विचार करत होते."

म्हणजे ते तोंडातून निसटलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यात बघत होती तेव्हा ती हिशेब करत होती, माझं किती जाईल आणि तिचं किती येईल याचा. इतके दिवस मी जिची बाजू घेऊन भांडले ती मुलगी त्या अंगणात नव्हतीच. मी हात सोडवून घेतला. "मी शिकवणार नाही," म्हटलं. ती उठली. दारात थांबून तिनं अव्वाला सांगितलं की ही रागावलीय, जरा समजूत काढा. अव्वानं पुडा न उघडता ओसरीवर नेऊन ठेवला.

दिवेलागणीला अप्पा दुकानातून आले. हातपाय धुऊन ओसरीवर बसले. पुडा तिथंच होता. त्यांनी त्यातला एक पेढा घेतला आणि अर्धा तोंडात टाकला.

"कसला पेढा गं?"

"तिला नोकरी लागली," मी म्हटलं. "शिवणाची. मुलींच्या शाळेत."

अप्पांचं तोंड हलायचं थांबलं. सगळा उन्हाळा त्यांनी मला ते पट्टे विणताना बघितलं होतं. त्यांना दुसरं काही सांगायची गरज नव्हती. उरलेला अर्धा पेढा त्यांनी पुड्याच्या कागदावर परत ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"मग मंद्रूपला कळवू?"

मी म्हटलं, "कळवा."